अडचण कोणत्या नावाने शोधावी आणि कोणत्या नावाने जपून ठेवावी

दापोली तालुक्यातील चार माणसांच्या एका सल्लागार कार्यालयात दोन वर्षे काम करणाऱ्या तरुण स्थापत्य अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे आरेखनाचे ऑटोकॅड, इमारतीच्या सांगाड्याचे गणित करणारे स्टॅड-प्रो, नळपाणी योजनेचे गणित करणारे ईपॅनेट आणि भौगोलिक नकाशांचे क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर रोज वापरात आहेत. प्रत्येकाची जाडजूड मदत-पुस्तिका आहे, संकेतस्थळांवर लेखांची रास आहे, तरी अडल्या वेळी नेमके पान सापडत नाही. आजवर ज्यांच्याकडे सगळे धाव घेत, ते ज्येष्ठ सहकारी मे महिन्यात पुण्याला जाणार आहेत. आणि त्यांनी वेळोवेळी सांगितलेले उपाय व्हॉट्सॲपच्या गटात, वह्यांच्या मागच्या पानांवर आणि ‘नवीन फोल्डर ३’ अशा नावांखाली विखुरलेले आहेत. हे सगळे एकत्र ठेवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि त्यात विषयवार विभाग कसे पाडावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे. आपण ‘विषयवार विभाग’ हे गृहीत धरले आहे. मीही अकरा वर्षे तसेच धरून चाललो होतो.

माझे कार्यालय चिपळूणला आहे. आमच्याकडे एक जाड रजिस्टर होते. सॉफ्टवेअरमध्ये काही अडले आणि सुटले की त्यात लिहायचे, असा शिरस्ता होता. पाया, स्तंभ, तुळई, छत, पाणीपुरवठा, मोजणी, नकाशे असे विभाग होते आणि सुरुवातीला सुवाच्य अक्षरातली अनुक्रमणिकाही होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते रजिस्टर गेले, त्याच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. (बॅकअप मूळ प्रतीच्या शेजारी ठेवू नये, हे तेव्हापासून मला कोणी सांगावे लागत नाही.) ऑगस्टमध्ये चिखल काढून झाल्यावर आम्ही पाच जण आठवेल तेवढे पुन्हा लिहायला बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती मला पुरापेक्षाही अधिक अस्वस्थ करून गेली. कोणती नोंद कोणत्या विभागात होती, हे एकालाही आठवत नव्हते. जे आठवत होते ते असे: “तो जेटीचा नकाशा उघडताना खिडकीच येत नव्हती, तेव्हा आपण काय केले होते?” “त्या डोंगरावरच्या वाडीला दाब भरपूर दिसत होता, पण पाणी चढले नाही, ते कशामुळे?” म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात अडचण तिच्या दिसण्याने साठवलेली होती आणि रजिस्टरात मात्र आम्ही ती कारणाच्या नावाखाली लिहीत होतो. ज्याला कारण ठाऊक आहे त्याला रजिस्टर उघडण्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला कारण ठाऊक नसते. ते रजिस्टर कोरडे असतानाही फारसे कोणी का उघडत नसे, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

मदत-पुस्तिकेत पान न सापडण्याचे कारणही नेमके हेच आहे, म्हणून आपल्या दोन्ही तक्रारी मी एकच मानतो.

एक साधे उदाहरण घेऊ. ऑटोकॅडमध्ये फाइल उघडायला गेले की नेहमीची खिडकी येत नाही, खाली आज्ञेच्या ओळीत फाइलचा मार्ग टंकायला सांगितले जाते. नवा मुलगा शोधतो ‘ओपन होत नाही’, आणि त्याला फाइल बिघडल्यावर ती दुरुस्त करण्याची पाने मिळतात. खरे कारण ‘फाइलडाया’ नावाच्या प्रणाली-चलाचे (सॉफ्टवेअरने कसे वागावे हे ठरवणाऱ्या आतल्या सेटिंगचे) मूल्य ० झाले हे असते. बहुधा एखादी लिस्प आज्ञावली, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, मध्येच थांबलेली असते आणि तिने जाता जाता ते मूल्य पूर्ववत केलेले नसते. ते १ केले की खिडकी परत येते. पुस्तिकेत हे पान अर्थातच आहे, पण ते ‘फाइलडाया’ या नावाने आहे, आणि हा शब्द ज्याला माहीत आहे त्याची अडचण आधीच सुटलेली आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी दिलेली असते. आपण मात्र अंधारात कशाला तरी ठेचकाळलेले असतो आणि ती वस्तू कोणती, हेच विचारत असतो.

तेव्हा शोधण्याचे अर्धे काम आपल्या शब्दाचे सॉफ्टवेअरच्या शब्दात रूपांतर करण्याचे आहे. माझ्या कामात त्याच्या दोन वाटा उपयोगी पडल्या आहेत. पडद्यावर आलेला संदेश असेल तर तो जसाच्या तसा घ्यावा, मात्र त्यातले आपले आकडे आणि नावे काढून टाकावीत. स्टॅड-प्रोच्या ‘इन्स्टॅबिलिटी ॲट जॉइंट ४७’ या संदेशातला ४७ हा आपल्याच सांगाड्यातल्या सांध्याचा क्रमांक आहे, तो जगात दुसऱ्या कोणाच्या प्रश्नात असण्याचे कारण नाही. तो ठेवून शोधले तर रिकाम्या हाताने परत यावे लागते. संदेशच नसेल, तर जी आज्ञा चालू असताना विचित्र प्रकार घडतो ती अर्धवट असतानाच एफ-१ दाबावे. ऑटोकॅड त्या आज्ञेचेच पान उघडते आणि त्या पानाच्या तळाशी संबंधित आज्ञांची व चलांची नावे असतात. त्या नावांतच बहुतेक वेळा आपल्याला हवा असलेला शब्द सापडतो. पुस्तिकेच्या स्वतःच्या शोधपेटीवर मी फार विसंबत नाही. सर्वसाधारण शोधयंत्रात त्या कंपनीच्या संकेतस्थळापुरता शोध मर्यादित केल्यास उत्तर लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.

शब्द मिळाल्यावर पुढचा प्रश्न असतो तो आपण कोणत्या दालनात उभे आहोत हा. एकाच सॉफ्टवेअरच्या साहित्यात धडे, संदर्भ, दोषनिवारण आणि नव्या आवृत्तीतील बदल अशी निरनिराळी दालने असतात आणि नवशिका बहुतेक वेळा धड्यांच्या दालनात उत्तर शोधत बसतो. ईपॅनेटची २००० सालची पुस्तिका या बाबतीत नमुनेदार आहे. तिच्या दुसऱ्या प्रकरणात धडा आहे आणि तो सगळे जण वाचतात. आठव्या प्रकरणाच्या शेवटी निकाल विचित्र आले तर काय पाहावे हे सांगणारा छोटासा भाग आहे, तो क्वचितच कोणी उघडते. आणि परिशिष्ट ‘अ’मध्ये एकके व परिशिष्ट ‘ब’मध्ये त्रुटींचे क्रमांक आहेत, ते तर कोणाच्या गावीही नसते. २३३ क्रमांकाची त्रुटी आली की एखादा नोड (नळ्या जिथे मिळतात तो बिंदू) जाळ्याला जोडलेलाच नाही, २२४ आली की जाळ्यात एकही टाकी किंवा जलाशय नाही, इतके स्पष्ट तिथे लिहिलेले असताना आमच्याकडे एकाने पूर्ण जाळे पुन्हा रेखाटण्यात अख्खा दिवस घालवला होता. क्यूजीआयएसच्या साहित्यातही वापर-मार्गदर्शक, प्रशिक्षण-पुस्तिका आणि भौगोलिक माहिती प्रणालीची ओळख अशी वेगवेगळी पुस्तके आहेत. कोणते कशासाठी, हे एकदा अर्धा तास घालवून पाहून ठेवले तर पुढची कित्येक वर्षे तो अर्धा तास पुरतो.

आवृत्तीकडे लक्ष न देणे हा सर्वांत महागात पडणारा हलगर्जीपणा आहे. पानाच्या पत्त्यात बहुधा वर्ष किंवा आवृत्तीचा क्रमांक असतो. तो आपल्या सॉफ्टवेअरशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे वाचू नये. ईपॅनेटमध्ये ऋण दाब दिसतो तो का, याचे जुन्या लेखांतले स्पष्टीकरण असे की हे सॉफ्टवेअर मागणी पूर्ण झालीच आहे असे मानून गणित करते, त्यामुळे टेकडीच्या माथ्यावर पाणी पोचू शकत नसले तरी ते पोचल्याचे दाखवून दाब शून्याखाली नेते. हे खरे होते. परंतु २०२० मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत दाबावर अवलंबून मागणी कमी होऊ देण्याची सोय आली आहे, आणि जुने लेख वाचणाऱ्याला ती आहे हेच कळत नाही. फाइलींचेही तेच. कंत्राटदाराच्या जुन्या ऑटोकॅडमध्ये आपला नकाशा उघडत नसेल तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरे पाहावीत. ‘एसी १०२७’ असेल तर ती २०१३ च्या स्वरूपात आहे आणि ‘एसी १०३२’ असेल तर २०१८ च्या. एवढ्याने फोनवरचे निम्मे भांडण मिटते.

येथवर शोधण्याविषयी झाले. आता जपून ठेवण्याविषयी.

आमच्याकडे आता एक नोंद म्हणजे एक अडचण, आणि तिचे शीर्षक म्हणजे ज्याचे अडले आहे त्याच्या तोंडचे पूर्ण वाक्य, असा नियम आहे. ‘ईपॅनेट – एकके’ असे शीर्षक मी स्वीकारत नाही. ‘ईपॅनेटमध्ये सगळीकडे दाब ठीक दिसतो, पण मागणी दुप्पट केली तरी तो हलत नाही’ असे शीर्षक स्वीकारतो. ही नोंद मी जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या कोकणातल्या नळपाणी योजनांत हा दोष कोणाकडूनही होऊ शकतो.

ईपॅनेटमध्ये प्रवाहाचे एकक कोणते निवडले आहे, यावर बाकी सर्व एकके ठरतात. लिटर प्रतिसेकंद निवडले तर व्यास मिलिमीटरमध्ये, लांबी, उंची आणि दाब मीटरमध्ये. नवी फाइल मात्र आपण बदल केला नसेल तर गॅलन प्रतिमिनिट या एककाने सुरू होते, आणि मग व्यास इंचांत, लांबी फुटांत व दाब पौंड प्रतिचौरस इंचात धरला जातो. आपण भाबडेपणाने ९० मिलिमीटरच्या नळीसाठी ९० लिहितो आणि सॉफ्टवेअर ती ९० इंचांची, म्हणजे सव्वादोन मीटरहून मोठ्या व्यासाची नळी समजते. अशा बोगद्यातून वाडीपुरते पाणी जाताना घर्षणाने दाब घटणार तो किती? जवळजवळ शून्य. कोणतीही त्रुटी येत नाही, कोणताही इशारा येत नाही, दाबाचे आकडेही डोळ्यांना खटकत नाहीत. वरच्या टाकीवरून उतारावरच्या शेवटच्या घरापर्यंत सगळे आलबेल दिसते आणि योजना पुरी झाल्यावर मार्चमध्ये शेवटच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन विहिरीवरच जातात. म्हणून त्या नोंदीत उपायाखाली ‘खात्री कशी करावी’ अशी ओळ आहे: सगळ्या मागण्या दुप्पट कराव्यात आणि दाब लक्षणीय खाली येतो का ते पाहावे, न आल्यास आधी एकक पाहावे. त्याच नोंदीत पुढे असेही लिहिले आहे की एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) नळीचा ९० हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, आतला व्यास नळीच्या दाबश्रेणीप्रमाणे बदलतो आणि गणितात आतलाच घालायचा असतो. हे वस्तुतः दुसऱ्या नोंदीत जायला हवे होते. परंतु हे दोन दोष एकाच बैठकीत सापडले होते आणि वाचणाऱ्याला ते एकत्रच हवे असतात, असे आढळल्यावर मी माझा नियम तेवढ्यापुरता सैल केला.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला शीर्षकांच्या नियमाइतकीच महत्त्वाची वाटते. सॉफ्टवेअर ज्या चुकांवर ओरडते त्यांच्या नोंदी नसल्या तरी फार बिघडत नाही. संदेश घेऊन कोणीही शोधू शकेल. ज्या चुकांवर ते गप्प बसते त्यांच्यासाठी पडद्यावर लक्षणच नसते, त्यामुळे त्या शोधता येत नाहीत; त्या फक्त आधीच माहीत असाव्या लागतात. स्टॅड-प्रोमध्ये भारतीय संहितेनुसार काँक्रीटचे संकल्पन करताना आच्छादनाचा (सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या जाडीचा) आकडा आपण दिला नाही तर तुळईसाठी २५ आणि स्तंभासाठी ४० मिलिमीटर असा ठरीव आकडा धरला जातो. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या संहितेतल्या तक्त्यांप्रमाणे किनारी हवेला उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते आणि त्याला ४५ मिलिमीटर आच्छादन व काँक्रीटच्या मजबुतीचा किमान एम-३० दर्जा लागतो. समुद्राचे तुषार थेट उडत असतील तर ‘अतितीव्र’ वर्ग, म्हणजे ५० मिलिमीटर आणि एम-३५. हर्णै किंवा मालवणच्या बंदराशेजारी उभी राहणारी इमारत २५ वर संकल्पित झाली तर स्टॅड-प्रो काहीही म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांनी गंजलेली सळई म्हणेल. अशा मूक दोषांच्या नोंदी आम्ही वेगळ्या काढून ठेवल्या आहेत आणि संकल्पन कार्यालयाबाहेर जाण्यापूर्वी त्या ओळीने वाचल्या जातात. आमच्या सगळ्या संग्रहात विषयवार म्हणता येईल असा हा एकच विभाग, आणि त्याचा विषय ‘जे दिसत नाही ते’ असा आहे.

तिसऱ्या प्रकारच्या नोंदी निर्णयांच्या असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक घरमालक विचारू लागला की वाऱ्याचा भार वाढवून धरला आहे ना. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या संहितेच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी प्रदेशासाठी ‘के-४’ हा चौथा गुणांक आला. तो पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्या ६० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी आहे, कोकणासाठी नाही. आम्ही काय धरतो, का धरतो, मालकाने अधिकची मागणी केली तर काय करतो, हे एका पानात तारीख घालून लिहिलेले आहे. १९८७ च्या आवृत्तीवर आधारलेली जुनी उदाहरणे चाळणाऱ्याला हा गुणांक दिसणारच नाही, हेही त्यात नमूद आहे. असे पान नसेल तर प्रत्येक नवा अभियंता तोच वाद पुन्हा घालतो आणि प्रत्येक वेळी निर्णय थोडा वेगळा होतो. दोन शेजारच्या घरांचे दोन निरनिराळे निर्णय एकाच कार्यालयातून गेले की मग उत्तर देणे कठीण होते.

नोंदीत काय असावे, याचा मी फार मोठा साचा करत नाही; मोठा साचा दिला की कोणी भरत नाही. शीर्षक, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, तारीख, कोणत्या कामात आढळले, कारण, उपाय, खात्री, आणि ‘हे कुठे लागू नाही’. शेवटची ओळ रिकामी ठेवण्याचा मोह सर्वांना होतो. मात्र एका प्रसंगी बरोबर असलेला उपाय दुसऱ्या प्रसंगी घात करतो तो याच रिकाम्या ओळीमुळे. क्यूजीआयएसमध्ये नकाशाच्या थराला निर्देशक-प्रणाली (जागा आकड्यांत सांगण्याची पद्धत) ‘नेमून देणे’ आणि थर त्या प्रणालीत ‘रूपांतरित करणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीने आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ कोणत्या प्रणालीत लावायचा ते बदलते. मोजणीदाराच्या फाइलीवर प्रणालीचे नावच नव्हते तेव्हा यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी प्रणाली नेमून देणे योग्य होते. तोच उपाय अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असलेल्या फाइलीला लावला, तेव्हा आमचे एक अख्खे गाव नकाशावरून नाहीसे झाले. नोंद बरोबर होती, तिची सीमा लिहिलेली नव्हती.

भाषेविषयी आपण विचारलेले नाही, पण मला ते सांगितले पाहिजे. स्पष्टीकरण मराठीत लिहावे. संदेश आणि आज्ञा मात्र पडद्यावर जशा दिसतात तशाच, त्याच लिपीत, अक्षरही न बदलता उतरवाव्यात. येथे मी त्या देवनागरीत लिहिल्या असल्या तरी नोंदीत तसे करू नये, नाहीतर संदेश चिकटवून शोधणाऱ्याला त्या सापडणार नाहीत. शिवाय प्रत्येक नोंदीच्या तळाशी ‘असेही शोधतात’ अशी एक ओळ ठेवावी. उभ्या-आडव्या सळयांना बांधणाऱ्या कडीला अभियंता ‘स्टिरप’ म्हणतो, साइटवर तिला ‘रिंग’ म्हणतात. कोणी ‘जोते’ शोधतो तर कोणी ‘प्लिंथ’. ‘पाईप’ आणि ‘पाइप’ हे संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत. आमचे आरेखक तर सगळे मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकून शोधतात. त्यांना शुद्धलेखन शिकवण्यापेक्षा ते काय टंकतात हे पाहून ते त्या ओळीत लिहिणे मला सोपे वाटले.

आता आपला पहिला प्रश्न: कोणते सॉफ्टवेअर. हे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. चार माणसे असतील, सर्व एकाच खोलीत बसत असतील आणि नोंदी दोनतीनशेच्या आत राहणार असतील, तर सामायिक फोल्डरमधल्या साध्या मजकूर-फाइली पुरतात. फाइलचे नाव तेच शीर्षक, आणि शोधायला संगणकाची स्वतःची सोय. मजकूर-फाइल कोणत्याही संगणकावर उघडते, आणि वर्गणी संपली म्हणून कुलूपबंद होत नाही. माणसे पंधरा-वीस झाली, दोन गावांत कार्यालये झाली, कोणी काय बदलले याचा माग ठेवण्याची गरज पडू लागली, की डोकुविकीसारखी विकी-प्रणाली, म्हणजे सर्वांना पाने लिहिता व बदलता येतील असे सॉफ्टवेअर, घ्यावी. तीही आपली पाने साध्या मजकूर-फाइलींतच ठेवते, त्यामुळे आधीचे श्रम वाया जात नाहीत. फोल्डरांत फोल्डर असे सहा-सात थर करू नयेत. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण मार्गासाठी २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून अनेक सॉफ्टवेअरना जाचते, आणि लांबलचक नावांच्या फोल्डरांच्या पोटात ठेवलेले संदर्भ-नकाशे (एका नकाशात जोडलेले दुसरे नकाशे) तुटतात ते कित्येकदा याच कारणाने.

व्हॉट्सॲपचा गट बंद करा, असे मी म्हणणार नाही. ते कोणी ऐकणार नाही. आमच्याकडे इतकेच ठरले आहे की गटात उत्तर मिळाले की ज्याने विचारले त्याने त्याच दिवशी नोंद लिहायची. उत्तर देणाऱ्याने नव्हे. देणाऱ्याला ते उत्तर क्षुल्लक वाटते आणि तो लिहायचे टाळतो. शिवाय अडचण कशी दिसत होती हे विचारणाऱ्यालाच ताजे आठवत असते. हल्ली मुले चॅटबॉटलाही विचारतात. त्याने सुचवलेला शब्द पुस्तिकेत शोधण्यासाठी वापरायला माझी हरकत नाही, पण ती आज्ञा पुस्तिकेत सापडल्याशिवाय आणि स्वतः चालवून पाहिल्याशिवाय नोंदीत येत नाही, कारण अस्तित्वात नसलेल्या आज्ञा तो मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो.

पावसाळ्यात वीज आणि नेट यांचा भरवसा नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ऑटोकॅडची मदत-पुस्तिका स्वतंत्रपणे उतरवून संगणकावर बसवता येते, क्यूजीआयएसची पीडीएफ मिळते, ईपॅनेटची तर छोटीच आहे. आगोटीची बेगमी करतो तशी ही उतरवून ठेवावी. त्याच सुमारास, मे महिन्याच्या शेवटी, आम्ही नोंदींचीही शाकारणी करतो: ज्यांची आवृत्ती मागे पडली आहे त्या ‘जुन्या’ म्हणून बाजूला काढतो, पण खोडत नाही, कारण दहा वर्षांपूर्वीच्या कामाची फाइल कधी उघडावी लागेल ते सांगता येत नाही. एक प्रत दर शनिवारी माझ्या घरी जाते. घर उंचावर आहे.

राहिला प्रश्न आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा, आणि वेळ थोडा आहे म्हणून त्याचा क्रम सांगतो. ‘जाण्यापूर्वी सगळे लिहून ठेवा’ असे त्यांना सांगू नये. ते रजिस्टरच लिहितील, विषयवार. त्याऐवजी रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसून एक जुने काम उघडावे आणि ‘इथे काय अडले होते, ते कसे लक्षात आले’ एवढेच विचारावे. त्यांची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि नोंदीचे शीर्षक मात्र त्याच रात्री आपण लिहावे, आपल्या शब्दांत. पहिले तीन आठवडे फक्त मूक दोषच विचारावेत. ओरडणाऱ्या दोषांसाठी त्यांना पुढे पुण्याला फोन करता येईल, मूक दोषांसाठी फोन करावा हेच आपल्याला सुचणार नाही. सुरुवात त्यांनी केलेल्या एखाद्या नळपाणी योजनेच्या ईपॅनेट फाइलीपासून करावी, आणि ती उघडल्यावर ते सर्वांत आधी कुठे पाहतात, यावर नजर ठेवावी.